मंडळीचा गरीब फंड: कसा उभा करायचा, कसा चालवायचा

नाताळच्या आठवड्यात पुण्यात ब्लँकेटं वाटणारे इतके असतात की फुटपाथवरच्या एखाद्या आजीकडे तीन-तीन गोळा होतात. जूनच्या पहिल्या पावसात त्याच आजीला ताडपत्री हवी असते, आणि तेव्हा कुणी फिरकत नाही. गरिबांची काळजी घेणं हे ख्रिस्ती माणसाचं काम आहे, हे मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, कुणाला पटवून द्यावं लागत नाही. भुकेल्याला दिलं ते प्रभूला दिलं असं सांगणारा मत्तयाचा २५ वा अध्याय रविवार शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो. गाडी अडते ती पुढे: पैसे मोजायचे कुणी, घरी जायचं कुणी, पिशवीत घालायचं काय, आणि थांबायचं कधी. साठ-सत्तर घरांची मंडळी डोळ्यांसमोर ठेवून ही पद्धत मांडली आहे. मोठ्या मंडळीनं आकडे वाढवावेत, पद्धत तीच ठेवावी.

आधी माणसं

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात पहिल्या मंडळीतली पहिली मोठी कुरबुर आहे ती वाटपावरूनच. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी सात जण निवडायला सांगितलं, आणि त्या सातांची नावं पाहिली तर सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप गेलं. आपली कमिटी निवडताना हे समोर ठेवा. पुण्यातल्या एकाच मंडळीत कॅम्पातली जुनी घरं असतात, नगर-जालन्याकडून येऊन येरवडा, दापोडी, लोहियानगरात स्थिरावलेली असतात, तमिळ-तेलुगू बोलणारीही असतात. कमिटीत एकाच गल्लीतली माणसं असली की मदत त्याच गल्लीत फिरते. कुणी मुद्दाम करत नाही. आपल्याला माहीत असतं तेवढंच आपल्याला दिसतं.

पाच जण पुरेत. त्यांत निदान दोन बाया, एक हिशेबाचा पक्का, एक मोबाइलवर फॉर्म भरू शकणारा तरुण किंवा तरुणी, आणि एक जण असा की ज्यानं स्वतः हातावरचं पोट पाहिलंय. पाळकसाहेबांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) प्रत्येक प्रकरण माहीत असावं, पण पाकीट त्यांच्याकडे नसावं. ते त्यांच्याकडे असलं की रात्री दहाला त्यांच्या घराची बेल वाजते, ते खिशातून देतात आणि नोंद कुठेच राहत नाही. ज्या सभासदाच्या नात्यातलं प्रकरण असेल त्यानं त्या वेळी खोलीबाहेर जायचं. हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा, नंतर कुणाचं तरी नाव घेऊन तो करावा लागला की माणसं दुखावतात.

महिन्यातून एक बैठक, पाऊण तासाची. पण भूक बैठकीसाठी थांबत नाही. म्हणून कुठल्याही दोन सभासदांनी फोनवर ठरवून त्याच दिवशी १,००० रुपयांपर्यंत मदत करावी आणि पुढच्या बैठकीत सांगावं, अशी मुभा असू द्या. याकोबानं दुसऱ्या अध्यायात 'जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणून नुसतं पाठवणाऱ्यांची जी संभावना केली आहे, ती 'बैठकीत घेऊ' म्हणणाऱ्यांनाही लागू पडते.

पैसे कुठून, किती

वर्षातून एकदा मोठी देणगी मिळण्यापेक्षा दर महिन्याची छोटी रक्कम कामाची. पौलानं करिंथच्या मंडळीलाही तेच सांगितलं: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं ऐपतीप्रमाणे बाजूला काढावं, आयत्या वेळी गोळा करायला लागू नये. ६० घरांनी महिना २०० रुपये दिले तर १२,००० होतात. प्रत्येक घराला वर्षाची बारा पाकिटं क्रमांक घालून द्या. यूपीआयनं देणाऱ्यांना तोच क्रमांक शेऱ्यात लिहायला सांगा. जिथे प्रभुभोजनाच्या रविवारचं अर्पण गरिबांसाठी ठेवायची जुनी रीत आहे तिथे ती चालू ठेवा, पण ते अर्पण फंडाच्या खात्यातच गेलं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ते हळूच रंगकामात आणि माइकच्या दुरुस्तीत विरघळतं.

१२,००० रुपयांची वाटणी साधारण अशी बसते: सात कुटुंबांना प्रत्येकी १,२०० रुपयांचा किराणा म्हणजे ८,४००, तातडीच्या मदतीला २,०००, आणि १,६०० राखीव. राखीव रकमेला जूनपर्यंत हात लावायचा नाही. जूनमध्ये वह्या, दप्तर, गणवेश एकदम येतात आणि त्याच सुमारास पावसानं बिगारी कामं बंद पडतात. पुण्यातल्या गरीब घराचे सगळ्यांत ओढगस्तीचे महिने जून ते ऑगस्ट. फंडाला डिसेंबरमध्ये भरती आणि जुलैमध्ये ओहोटी असते, तेव्हा डिसेंबरचं जुलैत नेणं हेच खजिनदाराचं खरं काम.

मोजणी उपासना संपल्यावर लगेच, देवळातच, दोघांनी करायची. नवरा-बायको किंवा बापलेक अशी जोडी नको. कुठल्या किती नोटा ते लिहून दोघांनी सही करायची आणि सोमवारी भरणा. खातं मंडळीच्या नावाचं, दोन सह्यांचं. कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर एक महिनासुद्धा चालवू नका. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात पौल यरुशलेमच्या गरिबांसाठीचे पैसे नेताना सोबत दुसऱ्यांना घेतो, कुणाला बोट ठेवायला जागा नको म्हणून. पौलाला जी खबरदारी घ्यावीशी वाटली ती आपल्या खजिनदाराला जाचक वाटायचं कारण नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी. मंडळीच्या ट्रस्टला ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात मिळणारी, सवलत असेलच असं नाही. खात्री करूनच पावतीवर तसं छापा. सवलत असली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही. दुसरं, परदेशातून येणारे पैसे. मंडळीतलं पोरगं दुबईला आहे, पासपोर्ट भारताचा आहे, त्यानं आपल्या खात्यातून पाठवले तर अडचण नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आत्यानं पाठवलेले पैसे ही विदेशी देणगी होते, आणि एफसीआरए या विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती घेता येत नाही. आत्याचं मन मोडलं तरी चालेल, पैसे नम्रपणे परत करा.

घरी जाणं

अर्ज मागवू नका. अर्ज लिहिता येणारी आणि मागायला न कचरणारी माणसं त्यातून पुढे येतात, बाकीची राहतात. पाळक, रविवार शाळेच्या ताई, महिला संघ आणि वस्तीतली आशाताई यांना विचारून नावं काढा. तीन महिने उपासनेला न दिसलेल्या घरांची यादी जरूर करा. नोकरी गेली की माणूस आधी देवळात यायचं बंद करतो, कारण अर्पणाची थाळी समोर आल्यावर हात रिकामा दिसतो.

भेटीला दोघांनी जायचं, त्यातली एक बाई. गरिबांसाठी काम करणाऱ्या कॅथलिक व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद १८३३ पासून असंच जोडीनं घरोघर जात आलेत आणि आपल्याकडच्या कॅथलिक धर्मग्रामांतही (पॅरिशांतही) त्यांचं हे काम चालतं. त्यांची ही शिस्त प्रोटेस्टंट मंडळ्यांनी खुशाल उचलावी. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ बरी. सकाळी पाण्याची आणि डब्यांची घाई असते, दुपारी बाया कामावर असतात.

जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात गहाण घेणाऱ्याला सांगितलंय की कर्जदाराच्या घरात शिरू नकोस, बाहेर उभा राहा, तो स्वतः आणून देईल. मदत देणाऱ्यालाही हाच उंबरठा लागू. दारात असं म्हणायचं: "जय ख्रिस्त, मावशी. मंडळीतून आलोय, सहज भेटायला. आत येऊ, की इथंच पायरीवर बसू?" आत दहा बाय दहाच्या खोलीत कुणी आंघोळ करत असेल, कुणी पिऊन झोपलेलं असेल. पायरीवर बसायला सांगितलं तर बसा. चहा दिला तर घ्या. 'कशाला, कशाला' करून नाकारलेला चहा त्या घराला फार लागतो.

'तुमचं उत्पन्न किती' हा प्रश्न फुकट जातो. रोजंदारीवरच्या माणसाला महिन्याचं उत्पन्न खरंच सांगता येत नाही. त्याऐवजी असं विचारा: मागच्या आठवड्यात किती दिवस काम लागलं? खाडा किती झाला? भाडं किती आणि तारीख कुठली? रेशन कुठल्या दुकानावर आहे, गेल्या महिन्यात अंगठा झाला का? रोजची गोळी कुणाला चालू आहे? पोरं कितवीत? कुणाचं काही देणं आहे का? एवढ्यावर घराचं चित्र उभं राहतं. तिथे बसून लिहीत राहू नका, बाहेर पडल्यावर दोघांनी मिळून वहीत उतरवा. फोटो नाही. आधार कार्डाची झेरॉक्स ठेवायची नाही. पाहायची गरज पडली तर पाहून परत द्या आणि वहीत फक्त शेवटचे चार आकडे लिहा.

आणि पहिल्या भेटीत कसलंही वचन देऊ नका. 'बघू, करू काहीतरी' हे वचनच असतं. 'शनिवारी आमची बैठक आहे, रविवारी मी स्वतः येऊन सांगते,' असं म्हणा आणि उत्तर नकाराचं असलं तरी जा.

आधी हक्काचं

फंडाच्या १,२०० रुपयांत कुटुंब चालत नाही. चालायला मदत होते ती सरकारी हक्काच्या गोष्टी सुरू झाल्या की, आणि त्या सुरू होईपर्यंत सांभाळणं हा फंडाचा उपयोग. म्हणून कमिटीतल्या तरुण सभासदाचा वेळ फंडाच्या पैशांपेक्षा जास्त मोलाचा आहे.

रेशन. अन्नसुरक्षा कायद्यातल्या प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य महिन्याला मिळतं, सध्या मोफत. शहरात प्राधान्य यादीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. कार्ड असूनही धान्य मिळत नसेल तर कारणं ठरलेली असतात. ई-केवायसी राहिलेलं असतं. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालेलं नसतं. पोराच्या आधारचे ठसे पाच आणि पंधरा वर्षांनंतर नव्यानं द्यायचे असतात, ते दिलेले नसतात. किंवा अंगठा उठत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बायांच्या आणि वीटकाम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. मशीन लाल दिवा दाखवतं आणि दुकानदार 'उद्या या' म्हणतो. अशा वेळी दहाही बोटं लावून पाहायला सांगा, हात धुऊन, पुसून. नव्या मशीनवर डोळ्यांवरून ओळख पटवायची सोय असते, ती मागा. तरी नाही झालं तर आधार केंद्रावर ठसे अद्ययावत करून घ्यायचे आणि तक्रार रेशनच्या परिमंडळ कार्यालयात लेखी द्यायची, पोच घेऊन. सोबत जा. एकट्या आजीला तीन वेळा परत पाठवलं जातं, सोबत कागद धरलेलं माणूस असलं की बहुधा एकदाच. कुटुंब बाहेरच्या जिल्ह्यातलं असेल तर गावच्या कार्डावर पुण्यातल्या दुकानातूनही धान्य घेता येतं. हे पुष्कळांना माहीत नसतं.

निराधारांचं वेतन. ६५ वर्षांखालच्या विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, अनाथ यांना संजय गांधी निराधार योजना; ६५ च्या पुढे श्रावणबाळ. विधवांना आणि वृद्धांना सध्या महिना १,५०० रुपये. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २१,००० ची अट फार जाचक आहे, दिव्यांगांना ती सैल आहे. महाराष्ट्रातलं १५ वर्षांचं वास्तव्य, वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतू केंद्रातून. मिळायला लागलं की विषय संपत नाही: हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, आणि तो चुकला की पैसे गुपचूप बंद होतात. फंडाच्या वहीत ती तारीख लिहून ठेवा.

दवाखाना. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण योजनेतल्याच रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांना. भरती होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला, गाठायचं. बिल हातात आल्यावर गेलं तर उशीर झालेला असतो. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवकाकडे जायचं. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. अडवलंच तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार होते. 'तक्रार करू' एवढं शांतपणे म्हटल्यानंही पुष्कळदा काम होतं. ससूनला गेलात तर समाजसेवा अधीक्षकांना आधी भेटा. वॉर्डात फळांच्या पिशव्या वाटत फिरणं सोपं असतं, पण बाहेरगावच्या नातेवाइकाला हवं असतं अंथरायला काही, आंघोळीची सोय आणि औषधाच्या चिठ्ठीचे पैसे. मधुमेहाच्या पेशंटला केळी देऊन येणारे भले लोक कमी नाहीत.

तुरुंग. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकानं रविवारच्या अर्पणातून कुणाला मदत जाते ते लिहून ठेवलंय: अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान, परके. आपल्या याद्यांत पहिले तीन असतात, बंदिवान नसतो, आणि येरवडा तर आपल्याच गावात आहे. कमावता माणूस आत गेलेलं घर मदत मागत नाही. लाजेपोटी ते मंडळीही सोडतं. कोठडीतल्या माणसाला, आणि कुठल्याही स्त्रीला किंवा मुलाला, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी शिवाजीनगर कोर्टातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. फंडानं वकिलाची फी भरायला घेऊ नये, तिथे सोबत जावं.

किराणा

रेशन सुरू असलेल्या चार जणांच्या घरात महिन्याला २० किलो गहू-तांदूळ येतो. त्यावर आपण आणखी दहा किलो पीठ दिलं तर पावसाळ्यात त्यात अळ्या होतात, नाहीतर ते अर्ध्या किमतीला विकलं जातं. त्या घरात नसतं ते डाळ, तेल आणि साबण. म्हणून पिशवी अशी भरा: तूरडाळ २ किलो, तेल १ लिटरच्या दोन पिशव्या, साखर २ किलो, शेंगदाणे १ किलो, पोहे १ किलो, मीठ १ किलो, चहापूड पाव किलो, हळद आणि तिखट १०० ग्रॅम, अंगाचे दोन आणि कपड्यांचे दोन साबण, आणि घरात मुली-बाया असतील तर सॅनिटरी पॅडचं पाकीट. आजच्या दरानं हे बाराशेच्या आसपास जातं. रेशन बंद असेल तर ते सुरू होईपर्यंत १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ वेगळे द्या, तातडीच्या मदतीच्या रकमेतून. तेलाची पिशवी नेहमी वेगळ्या प्लास्टिकमध्ये बांधा. एक फुटली की पोहे, साखर, चहा सगळं जातं.

माल महिन्यापुरताच घ्यायचा. देवळाच्या मागच्या खोलीत तीन महिन्यांची डाळ साठवणाऱ्यांना ऑगस्टमध्ये डाळीपेक्षा किडे जास्त मिळतात. पंधरापेक्षा कमी कुटुंबं असतील तर मार्केट यार्डाच्या भुसार विभागात जाण्यात अर्थ नाही, वाचलेले पैसे टेंपोत जातात.

पिशवीपेक्षाही चांगला मार्ग म्हणजे चिठ्ठी. वस्तीतल्या एका किराणावाल्याशी ठरवायचं: क्रमांकाची चिठ्ठी आणली की १,२०० रुपयांपर्यंतचा माल द्यायचा, तंबाखू-गुटखा सोडून. ती बाई इतर गिऱ्हाइकांसारखी उभी राहून स्वतःला हवं ते घेते. कुणाला बाजरी लागते, कुणाला लहान पोराची दूध पावडर. यात दोन लबाड्या होतात. दुकानदार चिठ्ठी घेऊन हजार रुपये हातावर ठेवतो आणि वरचे दोनशे खातो. नाहीतर न खपणारा जुना माल गळ्यात मारतो. उपाय असा की बिलावर माल लिहून त्यावर बाईची सही किंवा अंगठा घ्यायचा, पैसे महिनाअखेरीला ऑनलाइन द्यायचे, आणि तिमाहीत एकदा दोन घरी सहज विचारायचं, 'दुकानदार नीट देतो ना?'

पिशवीच असेल तर ती घरी पोचवा. उपासनेनंतर देवळाच्या अंगणात रांग लावून, नावं पुकारून वाटणं बंद करा. त्या रांगेत उभी असलेली पोरं पुढे तरुण संघात येत नाहीत. पिशवीवर मंडळीचं नाव नको. आत पत्रक नको, वचनांचं कॅलेंडर नको. मंडळीबाहेरच्या, दुसऱ्या धर्माच्या घराला दिलेल्या मदतीत तर मुळीच नको. सात घरांतली निदान दोन तशी असावीत. गलतीकरांस पत्रात 'सर्वांचं' बरं करा आधी येतं, 'विशेषतः विश्वासाच्या घराण्याचं' नंतर. प्रार्थना करू का, असं विचारायला हरकत नाही, पण पिशवी देऊन झाल्यावर आणि 'नको' म्हणायला जागा ठेवून.

आज, आत्ता भुकेला माणूस दारात आला तर त्याला पिशवीचा काय उपयोग, त्याच्याकडे चूल कुठाय? त्याला जेवायला घाला. जवळ कष्टाची भाकर केंद्र असेल तर तिथे घेऊन जा. हमाल पंचायतीनं १९७४ मध्ये सुरू केलेल्या या केंद्रांत कष्टकऱ्याला परवडेल अशी भाजी-भाकरी मिळते. सोबत बसून तुम्हीही खा.

रोख, भाडं, फी

रोख देऊ नये असा अनेक मंडळ्यांचा नियम आहे. तो सरसकट बरोबर नाही. रिक्षाला, तपासणीला, पोराच्या प्रोजेक्टला रोखच लागते. ५०० रुपयांपर्यंत रोख द्या, घरातल्या बाईच्या हातात. त्यापुढचं थेट भरा: शाळेची फी शाळेच्या खात्यावर, औषध दुकानदाराला, महावितरणचं बिल १२ आकडी ग्राहक क्रमांकावर ऑनलाइन. भाडं मात्र भाडेकरूच्याच हातून जाऊ द्या. मंडळी भाडं भरते हे घरमालकाला कळलं की तो एकतर भाडं वाढवतो नाहीतर पुढच्या महिन्यात तुम्हालाच फोन करतो.

मिशनच्या शाळा अल्पसंख्याक असल्यामुळे शिक्षणहक्क कायद्याचा २५ टक्के कोटा त्यांना लागू नाही. तिथे फी माफीचं पत्र पाळकांच्या सहीनं मार्चमध्येच द्या. जूनमध्ये व्यवस्थापनाचे हात बांधलेले असतात.

उसने देऊ नका. द्यायचे तर दान द्या, जमणार नसेल तर नाही म्हणा. उसने घेतलेला माणूस हप्ता थकला की तुम्हाला पाहून रस्ता बदलतो आणि देवळात येणं सोडतो. फंडाचे तीन हजार आणि माणूस, दोन्ही जातं. बचत गट आणि फायनान्सवाल्यांचे आठवडी हप्ते फंडातून भरू नका. एक भरला की दुसरा तयारच असतो. त्याऐवजी त्या घरासोबत बसून सगळ्या देण्यांची यादी करा: कुणाचं, किती, व्याज किती. पुष्कळदा नवऱ्यानं काढलेलं कर्ज बायकोला पहिल्यांदा त्या कागदावर दिसतं. तेव्हा दोघांना एकत्र बसवण्याआधी तिला वेगळं विचारा.

मयतीचा खर्च हा एकच असा आहे की ज्यावर चर्चा करायची नाही. पेटी करणाऱ्याशी साध्या पेटीचा दर आणि कबरस्तान कमिटीशी खोदाईचा दर आधीच ठरवून ठेवा. खजिनदारानं परस्पर भरावं आणि घरच्यांना आकडा सांगू नये.

'ते काम करत नाहीत' आणि इतर प्रश्न

कमिटीत कुणीतरी थेस्सलनीकाकरांचं वचन काढतंच: काम करायची इच्छा नसेल त्यानं खाऊही नये. वचन इच्छेबद्दल आहे. काम न मिळणाऱ्याबद्दल, पाठ मोडलेल्याबद्दल, तान्हं पोर असलेल्या बाईबद्दल ते बोलत नाही. खरंच आळशी असलेला नवरा भेटतो, पण त्याची शिक्षा पोरांना द्यायची नसते. किराणा चालू ठेवा, रोख बंद करा.

काम मिळवून देणं जमलं तर फार उत्तम, पण त्यासाठी बाजार ठाऊक हवा. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना केडगावात नुसतं जेवू घातलं नाही, विणकाम, छपाई, शेतीही शिकवली. आपल्याकडे मात्र शिलाई मशीन वाटायची एक लाट येते. वर्षभरानं त्या मशीनवर कपड्यांचे ढीग असतात, कारण काम कोण देणार हे कुणी विचारलेलं नसतं. मशीन द्यायच्या आधी फॉल-पिको देणारी तीन दुकानं पक्की करा. रुग्णसेविकेचं किंवा स्वयंपाकाचं काम पुण्यात मशीनपेक्षा लवकर मिळतं.

दुहेरी मदत घेणारे भेटतात. शेजारच्या मंडळीच्या खजिनदाराशी बोला, नावांची यादी न देता, एकेका प्रकरणापुरतं. दोन्हीकडून १,२०० मिळूनही चार माणसांचं घर चालत नाही हे लक्षात ठेवून मग रागवायचं का ते ठरवा. खोटं प्रिस्क्रिप्शन, दुसऱ्याचं बिल असं काही सापडलं तर दोघांनी घरी जाऊन सरळ विचारा. व्यासपीठावरून टोमणा नको.

वही एकच ठेवा, कुटुंबाला क्रमांक द्या. नावांची यादी खजिनदार आणि पाळक यांच्याकडे. वार्षिक सभेत फक्त किती घरं, कशासाठी, किती रुपये एवढंच वाचायचं. ऑडिटरला व्हाउचर क्रमांकानं दाखवा, हवी तर यादी समोर बसवून दाखवा.

दर तीन महिन्यांनी प्रत्येक घराचा विचार नव्यानं करा. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात विधवांची यादी करताना आधी मुलं-नातवंडांनी आपल्या माणसांचं पाहावं असं सांगितलंय. मुलगा हडपसरला चांगल्या नोकरीत असेल तर त्याच्याशी पाळकांनी बोलावं, आजीनं नव्हे. मदत थांबवायची असेल तर दोन महिने आधी घरी जाऊन सांगा, पहिल्या महिन्यात अर्धी करा, मग थांबवा. थांबवल्यानंतरही महिन्याभरात एक भेट द्या, रिकाम्या हातानं. त्या भेटीत पुन्हा तेच विचारायचं: काम लागतंय का, अंगठा झाला का, गोळ्या आहेत का.